दशावताराच्या रात्री किट लेन्स अपुरी पडते: पंधरा हजारांत पुढची लेन्स कोणती घ्यावी?

माडाची सावली | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यात प्राथमिक शाळेवर शिक्षक आहे. चार वर्षांपूर्वी मी कॅनन १५००डी हा कॅमेरा १८-५५ मिमीच्या किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या झूम लेन्ससह) घेतला. दिवसाउजेडी त्याने मला कधीही निराश केलेले नाही. भाताची लावणी, नदीकाठ, शाळेतली मुले, सगळे समाधानकारक येते. अडचण आहे ती रात्रीची.

तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात. देवाची पालखी फिरून आली की देवळासमोर दशावतारी नाटक उभे राहते आणि ते पहाटेपर्यंत चालते. मला या कलावंतांची चांगली छायाचित्रे काढून ठेवायची आहेत. रंगमंचावरची तर हवीतच, पण त्याआधी ते आरसा हातात धरून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत बसलेले असतात, तेव्हाचीही हवीत. गेल्या हंगामात तीन जत्रांत मिळून ४१२ छायाचित्रे काढली आणि त्यांतली वीससुद्धा ठेवण्याजोगी निघाली नाहीत. युद्धाच्या प्रवेशात तलवार म्हणजे नुसता पांढरा पट्टा, गिरकी घेणाऱ्या राजाचा चेहरा पुसल्यासारखा, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ६४०० केला तर सावलीच्या भागात रवा सांडल्यासारखे कण.

खर्चाची मर्यादा १५,००० रुपये आहे आणि ती वाढवता येणार नाही. माझ्या मनात तीन पर्याय आहेत: कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम (म्हणजे शांत फोकस मोटरची), कॅननचीच ५५-२५० मिमी एसटीएम, किंवा वापरलेली टॅमरॉन १७-५० मिमी एफ/२.८. यांपैकी कोणती घ्यावी आणि का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पुन्हा पुन्हा लेन्स बदलत बसणे मला परवडणारे नाही.

पाणकावळा | १९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

५० मिमी एफ/१.८. मागेपुढे पाहू नका. उरलेल्या पैशांचे जत्रेतले खाजे घ्या आणि आम्हालाही पाठवा.

सह्यधार | १९ ऑक्टोबर, रात्री ११.१२

पाणकावळा यांचे उत्तर बरोबर ठरेलही, पण त्याआधी एक काम करावे असे मी सुचवतो. जी ४१२ छायाचित्रे आहेत, ती पुसून टाकली नसतील तर ती संगणकावर उघडा. प्रत्येक छायाचित्राच्या माहितीत ते किती मिमीवर (आकडा मोठा तितके दृश्य अरुंद), कोणत्या एफ क्रमांकावर (आकडा लहान तितके छिद्र मोठे), किती शटरवेगाने आणि किती आयएसओवर काढले हे नोंदलेले असते. त्यांतली रंगमंचावरची वेगळी काढा, रंगवण्याच्या खोलीतली वेगळी काढा आणि आपण सर्वाधिक वेळा कोणत्या मिमीवर थांबलो ते मोजा. पुढची लेन्स कोणती, याचे निम्मे उत्तर तिथेच असते. लोक मंचावर विचारून लेन्स घेतात आणि स्वतःच्याच चित्रांना विचारायचे विसरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

माडाची सावली | २० ऑक्टोबर, रात्री ८.३०

सह्यधार, आपण सांगितल्याप्रमाणे आज शाळा सुटल्यावर बसून मोजणी केली. रंगमंचावरची ३०७ चित्रे आहेत आणि त्यांतली २४० चित्रे ४५ ते ५५ मिमीच्या दरम्यान आहेत. बहुतेक ठिकाणी एफ/५.६, शटर १/३० सेकंद आणि आयएसओ ३२०० असे आकडे आहेत. काही ठिकाणी ६४००. रंगवण्याच्या खोलीतली १०५ चित्रे बहुतेक १८ ते २८ मिमीची आहेत. मी रंगमंचापासून साधारण वीस फुटांवर, पहिल्या रांगेच्या उजव्या कडेला बसतो. तिथून पुढे सरकता येत नाही, कारण पुढे मुले बसलेली असतात.

निळी शाई | २० ऑक्टोबर, रात्री ९.५५

ही माहिती मिळाल्यामुळे आता नेमकेपणाने बोलता येईल.

आपल्या किट लेन्सला ५० मिमीच्या आसपास जास्तीत जास्त एफ/५.६ एवढेच छिद्र उघडता येते. एफ क्रमांकांचा वर्ग करून भागाकार केला की प्रकाशाचा फरक कळतो. ५.६ ला २ ने भागले तर २.८ येतात आणि त्याचा वर्ग सुमारे ८ होतो. म्हणजे ५० मिमी लेन्स एफ/२ वर ठेवली तर आठपट प्रकाश आत येईल. जिथे आपल्याला १/३० सेकंद मिळत होता, तिथे त्याच आयएसओवर १/२५० सेकंद मिळेल, किंवा आयएसओ १६०० वर उतरवून १/१२५ मिळेल. गिरकी घेणारा नट १/३० वर पुसला जातो. १/२५० वर तो बऱ्याच अंशी स्थिर होतो.

टॅमरॉनचा विचार याच रीतीने करा. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलात तर चौपट प्रकाश मिळतो. हे वाईट मुळीच नाही, आणि तिथे झूमची सोय राहते. पण आपण सर्वाधिक वेळा ज्या ५० मिमीवर थांबता, तिथे ५० मिमीची प्राईम (झूम नसलेली) लेन्स टॅमरॉनच्या दुप्पट प्रकाश देते, आणि पूर्ण एफ/१.८ वर त्याहूनही अधिक.

५५-२५० मात्र या कामासाठी घेऊ नका. ती एफ/४ ते एफ/५.६ अशी आहे, म्हणजे जिथे आपले घोडे अडले आहे तिथे ती काहीच मदत करणार नाही. तिचे कंपनरोधक आपल्या हाताची थरथर थोपवते, समोरच्या माणसाची हालचाल थोपवत नाही. हा भेद नवीन माणसाला कुणी सांगत नाही आणि त्यामुळे बरीच चुकीची खरेदी होते.

खारफुटी | २० ऑक्टोबर, रात्री १०.२०

निळी शाई यांचे गणित मान्य आहे, पण मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. १५००डीचा संवेदक (सेन्सर) २२.३ × १४.९ मिमीचा आहे. त्यामुळे ५० मिमीची लेन्स या कॅमेऱ्यावर जुन्या फिल्म कॅमेऱ्यातल्या ८० मिमीइतकी अरुंद दिसते. रंगवण्याच्या खोलीत ती कशी वापरणार? माणूस पायापासून डोक्यापर्यंत घ्यायचा असेल आणि वरखाली थोडी जागा सोडायची असेल, तर कॅमेरा उभा धरूनही ५० मिमीला साधारण चार मीटर, म्हणजे तेरा फूट मागे जावे लागते. देवळाच्या बाजूच्या पडवीत, जिथे सातआठ माणसे दाटीवाटीने बसलेली असतात, तिथे तेरा फूट आणणार कुठून? २४ मिमीला तेच चित्र साडेसहा फुटांत येते.

माझा सल्ला असा, की कॅननची ईएफ-एस (लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठीची) २४ मिमी एफ/२.८ एसटीएम पाहावी. जेमतेम सव्वाशे ग्रॅमची आणि पाऊण-एक इंच जाडीची लेन्स आहे, खिशात मावते, आणि १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देते. रंगाची वाटी, आरसा, बोटे, असे बारकावे तिच्यात सुंदर येतात.

निळी शाई | २० ऑक्टोबर, रात्री १०.४८

खारफुटी, २४ मिमी ही गुणी लेन्स आहे याबद्दल दुमत नाही. ती माझ्याकडे सहा वर्षे आहे. पण धागाकर्त्यांच्या अडचणीवर ती उपाय आहे का, हे पाहिले पाहिजे. किट लेन्स २४ मिमीवर असताना एफ/४ च्या आसपास उघडते. तिथून एफ/२.८ म्हणजे फक्त दुप्पट प्रकाश. शिवाय किट लेन्सला कंपनरोधक आहे आणि २४ मिमीला तो नाही. रंगवण्याच्या खोलीत नट आरशासमोर बऱ्यापैकी स्थिर बसलेला असतो, म्हणजे त्या खोलीत किट लेन्स कंपनरोधकाच्या जोरावर १/१५ सेकंदालाही निभावून नेईल. तेवढे पैसे खर्चून तिथे पदरात फार थोडे पडेल.

खोलीचे रुंद चित्र किट लेन्सने घ्यावे आणि एकट्या चेहऱ्यासाठी ५० मिमी लावावी. तेरा फूट पूर्ण माणसासाठी लागतात. डोके आणि खांदे घ्यायला पाच फूट पुरतात.

खारफुटी | २० ऑक्टोबर, रात्री ११.०३

कंपनरोधकाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तो मान्य. तरीही दिव्याखाली रंग लावणारा हात हलतोच आणि १/१५ वर तो हात पुसलेला येईल, एवढे म्हणून थांबतो.

देवराई | २१ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

विषय कॅननचा आहे, तरी निकॉन वापरणारेही हा धागा वाचतील म्हणून एक अनुभव लिहून ठेवते. माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. मला कुणीतरी ५० मिमी एफ/१.८डी ही जुनी लेन्स स्वस्तात देऊ केली आणि मी हौसेने घेतली. घरी आणून लावली तर फोकस हलेना. मी ती बिघडलेली समजले. नंतर कळले की त्या लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या अंगातल्या मोटरवर चालते आणि डी३००० व डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नसते. डी७००० मालिकेत असते. तेव्हा निकॉनच्या लहान कॅमेऱ्यांसाठी एएफ-एस असे स्पष्ट लिहिलेलीच लेन्स घ्यावी. ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स ही माझ्या मते त्यांतली सर्वांत उपयोगी आहे.

उलट बाजूचाही घोळ आहे. एएफ-पी असे लिहिलेल्या नव्या लेन्सेस डी३२००, डी५१००, डी७००० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत, आणि त्यांचे कडेही विजेवर चालत असल्यामुळे हाताने फिरवूनही उपयोग होत नाही. माझ्या मावसभावाने ७०-३०० एएफ-पी मागवली आणि परत पाठवली. कॅननवाल्यांना हा त्रास नाही, कारण १९८७ पासूनच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते.

पाणकावळा | २१ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

हे वाचून माझा निकॉन आणि माझा जुना स्कूटर एकाच घराण्यातले वाटू लागले आहेत. दोघांनाही सुटा भाग विचारूनच घ्यावा लागतो.

ओला दगड | २१ ऑक्टोबर, दुपारी २.१०

मी रत्नागिरीचा. वापरलेली टॅमरॉन घेण्याच्या विचारात असाल तर माझी हकिकत आधी वाचा, कारण आपण दोघेही एकाच हवेत राहतो.

तीन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून वापरलेली झूम लेन्स घेतली. बाहेरून ती नव्यासारखी दिसत होती. झाकण, खोका, सर्व जागच्या जागी. मी दुकानात चार चित्रे काढली, पडद्यावर पाहिली आणि पैसे दिले. घरी आल्यावर रात्री सहज टॉर्चचा झोत मागच्या काचेतून सोडला तेव्हा आतल्या एका भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. ती बुरशी होती. साफ करून घेतली, त्यात तीन हजार गेले, आणि तरीही बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप जिथे खाल्ला होता तिथला डाग राहिलाच. समोरून दिवा आला की त्या भागात चित्र धुरकट होते. रंगमंचावर तर समोरून दिवाच असतो.

म्हणून वापरलेली लेन्स घेताना टॉर्च जवळ ठेवावा. कॅननच्या ईएफ लेन्सचे छिद्र कॅमेऱ्यावरून काढल्यावर पूर्ण उघडेच राहते, त्यामुळे आरपार पाहायला वेगळी खटपट करावी लागत नाही. झोत तिरका धरावा, सरळ धरला तर बुरशी लपते. थोडी धूळ असेल तर घाबरू नये. धुळीचा चित्रावर परिणाम होत नाही. तंतू किंवा दुधी थर दिसला तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नये. आणि एसटीएम लेन्स असेल तर कॅमेऱ्यावर चढवून, कॅमेरा सुरू करूनच तपासावी, कारण तिचे फोकसचे कडे वीज मिळाल्याशिवाय काहीच करत नाही आणि मोटर मेलेली असली तरी नुसती हातात धरून ते कळत नाही.

सह्यधार | २१ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

ओला दगड यांचा प्रतिसाद प्रत्येकाने उतरवून ठेवावा असा आहे. मुंबईत येणे होत असेल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात स्वतः जाऊन, हाताळून घेता येते. न पाहता पार्सलने वापरलेली लेन्स मागवू नये.

टॅमरॉनबद्दल एक पुस्ती. १७-५० एफ/२.८ दोन प्रकारांत आहे. पहिला २००६चा, कंपनरोधक नसलेला. दुसरा २००९चा, नावात व्हीसी असलेला. पहिल्याची मोटर आवाज करते. दशावतारात संवाद उत्स्फूर्त असतात आणि गंभीर प्रवेशात मंडप अगदी शांत होतो, तेव्हा तो घरघराट शेजारच्याला ऐकू जाईल. शिवाय इतर कंपन्यांच्या लेन्सचा फोकस कधीकधी किंचित पुढे किंवा मागे पडतो. मोठ्या कॅमेऱ्यांत तो दुरुस्त करण्याची सोय असते, १५००डीमध्ये नाही.

गावठाण | २१ ऑक्टोबर, रात्री ९.००

मी सर्वांशी असहमत आहे आणि ते मनापासून सांगतो. लेन्स घेऊच नये. दशावतारात नट सतत हलत नाही. राजा प्रवेश करतो, बाकड्याजवळ येतो, म्हणजे त्या बाकड्याचेच सिंहासन होते, आणि तिथे उभा राहून तो एक क्षण प्रेक्षकांकडे पाहतो. मृदंगाची थाप पडून थांबते, तोच तो क्षण. ज्याला नाटक पाठ आहे त्याला हा क्षण आधी कळतो. १/३० सेकंदही तिथे पुरतो. आमच्या आधीच्या पिढीने चारशे एएसएच्या फिल्मवर हे केले आहे. शिवाय आपण रॉमध्ये, म्हणजे संवेदकाची कच्ची माहिती जपणाऱ्या स्वरूपात, चित्रे काढता का, हे कुणी विचारलेच नाही. नुसत्या रॉने आणि कणांच्या योग्य सफाईने आयएसओ ३२००ची चित्रे बरीच सुधारतील आणि एक रुपयाही लागणार नाही.

निळी शाई | २१ ऑक्टोबर, रात्री ९.३२

गावठाण, क्षण ओळखण्याबद्दल आपण जे लिहिले आहे ते फार मोलाचे आहे आणि रॉबद्दलही मी शंभर टक्के सहमत आहे. पण धागाकर्त्यांना युद्धाचे प्रवेश आणि गिरकीही हवी आहे. थांबलेला राजा हे नाटकाचे एक अंग झाले. नाचणारा संकासुर १/३० वर मिळणार नाही, मग डोळा कितीही तयार असो.

कालवण | २१ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मधला मार्ग म्हणून स्वस्तातला बाहेरचा फ्लॅश घेता येणार नाही का? छताकडे वळवून मारला तर प्रकाश मऊ पडतो. दोन-अडीच हजारांत येतो.

खारफुटी | २१ ऑक्टोबर, रात्री १०.२६

उघड्या मांडवाला छत कुठले? आणि १५००डीची अडचण अशी आहे, की त्याच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदूच दिलेला नाही. त्यामुळे त्या बिंदूवर चालणारे साधे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. हा कॅमेरा असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

पायपेटी | २२ ऑक्टोबर, पहाटे ५.५०

फ्लॅशचा विषय निघाला म्हणून लिहिणे भाग पडले. माझे काका तीस वर्षे दशावतारात स्त्रीभूमिका करीत. रात्रभराच्या जागरणाने डोळे तांबारलेले असतात, समोर आधीच झगझगीत दिवे असतात, आणि त्यात फ्लॅश पडला की पुढची काही क्षणे समोरचे काहीच दिसत नाही. तलवारीच्या लढाईत हे धोक्याचे आहे. काकांच्या भुवईवर अशाच एका प्रसंगाची खूण होती. कृपया कोणीही, कोणत्याही कारणाने, खेळ चालू असताना फ्लॅश वापरू नये. धागाकर्ते लेन्सचा मार्ग शोधत आहेत, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आणखी एक विनंती. रंगवण्याच्या जागी गणपतीची पूजा मांडलेली असते आणि पेटारा तिथेच असतो. चित्रे काढण्यापूर्वी मंडळाच्या मालकांना विचारावे. नाही म्हणणारे क्वचितच भेटतात, पण विचारलेले त्यांना आवडते.

माडाची सावली | २२ ऑक्टोबर, रात्री ८.०५

पायपेटी, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो. मी फ्लॅश कधी वापरला नाही आणि वापरणारही नाही. परवानगीचे आपण म्हणता ते यंदा अधिक जपून पाळीन. गावठाण, मी आजवर जेपेग काढत होतो. यंदापासून रॉ सुरू करतो.

उंबराचे पान | २२ ऑक्टोबर, रात्री ११.४०

मी सध्या कॅनडात राहते. इकडे आरशाचे (डीएसएलआर) कॅमेरे विकून आरसा नसलेले (मिररलेस) घेणाऱ्यांची रांग लागली आहे, त्यामुळे ईएफ लेन्स वापरलेल्या बाजारात भरपूर दिसतात. काही जण सांगतील की ही पद्धत संपत आली, आता यात पैसे घालू नका. मला ते पटत नाही. कॅननच्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स जोडणीच्या कड्याने व्यवस्थित चालतात, फोकससुद्धा. ५० मिमी ही ईएफ आहे, म्हणजे उद्या मोठ्या संवेदकाचा कॅमेरा घेतला तरी ती पूर्ण चौकट व्यापेल. २४ मिमी ही ईएफ-एस असल्यामुळे तिला ते जमणार नाही.

आणि ५० मिमी घेताना जुनी १९९०ची दुसरी आवृत्ती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिची बैठक प्लॅस्टिकची आहे, छिद्राला पाचच पाती आहेत आणि ४५ सेंटिमीटरपेक्षा जवळ जाता येत नाही. २०१५ची एसटीएम धातूच्या बैठकीची, सात पात्यांची आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत जाणारी आहे. मांडवातल्या दिव्यांच्या माळा मागे धूसर होतात तेव्हा पाच पात्यांचे पंचकोन आणि सात पात्यांचे जवळजवळ गोल, हा फरक नजरेत भरतो.

सड्यावरचे फूल | २३ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

थोडे विषयांतर, पण स्वस्त लेन्सचेच. ५५-२५०ला वर निळी शाई यांनी बाद केले ते दशावतारापुरते योग्यच आहे. मात्र कुणाला कातळसड्यावरची पावसाळी फुले आणि किडे टिपायचे असतील तर याच लेन्सच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५० हे छोटे भिंग चिमट्याने बसवावे. ते आठ डायॉप्टरचे आहे, म्हणजे लेन्स अनंतावर ठेवली की विषय साडेबारा सेंटिमीटरवर स्पष्ट होतो आणि २५० मिमीवर चित्र संवेदकावर प्रत्यक्षाच्या दुप्पट आकाराचे उमटते. सीतेची आसवे हे फूल नखाएवढे असते. या जोडीने ते चौकटभर येते. वेगळी मॅक्रो लेन्स घेण्याच्या मानाने खर्च फारच थोडा.

ओला दगड | २३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

सड्यावर पावसात जाणार असाल तर परत आल्यावर लेन्स तशीच पिशवीत ठेवू नका, एवढी विनंती. कातडी किंवा कापडी पिशवी दमट झाली की बुरशीचे घरच होते. मी आता हवाबंद झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा वापरतो, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे जेल गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करतो. सगळा मिळून हजार रुपयेही खर्च आला नाही. धागाकर्त्यांनी पंधरा हजारांतले पहिले हजार इथे घालावेत, मग लेन्सचा विचार करावा.

सह्यधार | २३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मूळ प्रश्नाकडे येतो. वीस फुटांवरून ५० मिमीला आडवी चौकट साधारण नऊ फूट रुंद आणि सहा फूट उंच मिळते. म्हणजे आडव्या चौकटीत उभा नट मुकुटासकट मावणार नाही, मुकुट कापला जाईल. कॅमेरा उभा धरलात तर नऊ फूट उंची मिळेल आणि वर मोकळी जागाही राहील. दोघांची लढाई आडवीत घ्यायची असेल तर पाय सोडून कमरेपासून वर घ्यावी. झूम नसल्यामुळे हे आधी ठरवून बसावे लागते. पहिल्या रात्री अडखळायला होईल, दुसऱ्या रात्री हात आपोआप वळेल.

एफ/१.८ वर सहा फुटांवरून चेहरा घ्याल तेव्हा जेमतेम चार इंचांची खोली स्पष्ट येते, म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच ठेवावा. नऊपैकी फक्त मधला फोकसबिंदू या कॅमेऱ्यात आडवा-उभा दोन्ही तऱ्हेने पकडणारा आहे. अंधारात त्याच्यावरच भिस्त ठेवा. आणि रंगमंचावर एलईडी दिवे असतील तर १/२५० वर चित्रात आडवे पट्टे दिसू शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. पट्टे दिसले की १/१०० वर या.

माडाची सावली | २५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

सर्वांचे आभार. निर्णय झाला आहे. ५० मिमी एफ/१.८ एसटीएम नवीन, पक्क्या बिलासह घेतो. टॅमरॉनचा मोह सोडला; बुरशीची हकिकत वाचल्यानंतर माझ्यात ती पारखण्याचा आत्मविश्वास नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल आजच आणले. उरलेले पैसे सध्या बाजूला ठेवतो. खारफुटी, आपली २४ मिमी लक्षात आहे. पुढच्या वर्षी पाहू.

निळी शाई | २५ ऑक्टोबर, रात्री ८.२०

तिच्यासोबत हूडही (लेन्सच्या तोंडावर बसणारे कडे) घ्या. फोकस करताना या लेन्सची पुढची नळी थोडी बाहेर येते आणि गर्दीत तिला धक्का बसला तर आतली यंत्रणा बिघडते. जत्रेतली गर्दी आपणास ठाऊकच आहे. स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र लावू नका; समोरच्या दिव्यांची भुते चित्रात उतरतात.

माडाची सावली | ७ डिसेंबर, दुपारी १२.३०

उशिरा का होईना, कळवायला आलो. लेन्स हातात आल्यापासून चार जत्रा झाल्या.

पहिल्या रात्री सह्यधार यांनी म्हटल्याप्रमाणे अडखळलो. सवयीने झूमचे कडे शोधत राहिलो आणि एक पूर्ण लढाई हातची गेली. दुसऱ्या जत्रेपासून कॅमेरा उभा धरूनच बसलो. एफ/२, आयएसओ ३२००, १/२५० असे ठेवले. दोन गावांत एलईडीचे पट्टे आले, तिथे १/१०० वर उतरलो आणि आयएसओ १६०० वर आणला. तिथे गिरकी पुसली, पण गावठाण यांनी सांगितलेला बाकड्याजवळचा क्षण नेमका सापडला. थाप थांबल्यावर खरोखरच राजा एक श्वास थांबतो. इतकी वर्षे नाटक पाहूनही मी ते कधी मोजले नव्हते.

रंगवण्याच्या जागी मालकांना विचारून बसलो. रुंद चित्रे किट लेन्सनेच घेतली, १/१५ वर, आणि ती चालली. खारफुटी यांचे म्हणणेही खरे ठरले: रंग लावणारी बोटे पुसलेली आली. मग ५० मिमी लावून एका वयस्क नटाचा चेहरा पाच फुटांवरून टिपला. डाव्या हातात आरसा, उजव्या हाताची करंगळी गालावर टेकवून तो भुवई ओढत होता, आणि करंगळीच्या आधारामुळे त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. पापणीचा केसन् केस आला आहे, कानापासून मागचे सगळे धूसर.

एकूण ३६० चित्रे काढली, ७४ ठेवली. डब्यातला काटा ४५ वर आहे.

पाणकावळा | ७ डिसेंबर, दुपारी १२.४१

खाजे?

माडाची सावली | ७ डिसेंबर, दुपारी १२.५०

पत्ता कळवा, आजच पाठवतो.

पायपेटी | ७ डिसेंबर, रात्री १०.१०

भुवई ओढताना करंगळी गालावर टेकवणे ही आमच्या काकांचीही रीत होती. ते चित्र पाहायला मिळेल का? आणि उभ्या चौकटीत मुकुट पूर्ण आला का?

माडाची सावली | ८ डिसेंबर, सकाळी ६.५५

चित्र आज चढवतो. त्या नटांची परवानगी घेतली आहे आणि त्यांना मोठी प्रतही छापून देणार आहे. मुकुट पूर्ण आला, वर चार बोटे जागा ठेवून.